तोंडाची चव

कारखान्यात चव पाहण्याचं काम करायचो, असं सांगितलं की लोकांना हसू येतं. ‘म्हणजे खायचा पगार!’ असं एका पाहुण्यांनी लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हटलं होतं आणि वर आग्रहाने जिलबी वाढून ‘सांगा, पास की नापास?’ असंही विचारलं होतं. मी सगळी नोकरी मसाले, लोणची आणि चटण्या करणाऱ्या पुण्याजवळच्या एका कारखान्यात काढली. कागदावर मी गुणवत्ता विभागातला रसायनाचा माणूस. सकाळी ओलावा, आम्लता, मीठ यांची मोजमापं आणि दुपारनंतर जिभेचं काम. पांढऱ्या बश्यांत आकडे टाकलेले नमुने, दोन नमुन्यांच्या मध्ये तोंड धुवायला कोमट पाणी, मूठभर मुरमुरे आणि समोर छापील तक्ता. तक्त्यावर नऊ पायऱ्यांची पट्टी असे, ‘अतिशय आवडलं’पासून ‘अजिबात आवडलं नाही’पर्यंत. जवानांच्या शिध्यात काय घालावं हे ठरवायला अमेरिकी सैन्यासाठी १९५०च्या सुमारास ही पट्टी तयार झाली. आजही जगभरच्या कारखान्यांत तीच चालते.

पट्टीखाली ‘शेरा’ नावाची रिकामी चौकट असायची. बहुतेक जण तिच्यात ‘ठीक’ लिहून मोकळे होत. त्या चौकटीत मी जे लिहीत गेलो त्यावर माझी नोकरी टिकली, बढती मिळाली, घराचे हप्ते फिटले. ते लिहायला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते मी वेल्हे तालुक्यातल्या एका बाईकडून उचललं, जिला सही करायची म्हणजे डाव्या हाताचा अंगठा पुढे करायची सवय होती.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सत्तर सालाच्या आसपास त्यांची बदली वेल्ह्याला झाली. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, माझ्या तोंडात वेल्हेच बसलंय.) पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडीला वळायचं, नसरापूर, मार्गासनी, विंझर करत एसटी वेल्ह्यापर्यंत जायची आणि पुढे केळदच्या, मढे घाटाच्या वाटेला पायगाडी. पावसाळ्यात एसटी येणार की नाही हे वाटेतले ओढे ठरवायचे. आई आजारी आजीपाशी पुण्यात अडकलेली, म्हणून मी वडिलांबरोबर. आम्हाला राहायला खोली मिळाली ती आक्काच्या ओटीला लागून.

आक्का विधवा. मुलगा मुंबईला गिरणीत. इथे भाताची चार खाचरं, वरच्या अंगाला नाचणी-वरीचा डोंगरउतार, दोन म्हशी आणि ती. वडील महिन्याचं भाडं नेमाने देत, ती नेमाने घेई, आणि महिनाभरात दुधाच्या, तांदळाच्या, कालवणाच्या रूपाने त्याहून जास्त आमच्याकडे परत येई. ‘आक्का, हे काय चाललंय तुमचं?’ असं वडील म्हणाले की ती म्हणायची, ‘गुर्जी, पोराच्या तोंडाला काय चव हाय का न्हाई? तुमच्या हातचं खाऊन वाळलंय ते.’ वडिलांच्या हातच्या आमटीबद्दल हे मत अन्यायाचं नव्हतं.

चौथीत असताना मला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पाणीसुद्धा कडूजहर लागायचं. तेव्हा आक्काने मला ताब्यात घेतलं. तिच्या चुलीपुढे पाटावर बसवायची, हातात पेजेची वाटी द्यायची आणि एक घोट पोटात गेला की विचारायची,

‘काय लागतं?’

‘गरम.’

‘गरम ही काय चव हाय व्हय? जिभंला काय लागतं?’

‘काहीच नाही.’

‘मग अळणी म्हण. काहीच न्हाई म्हणू नगं.’

मग चिमटीने मीठ. ‘आता?’ पुन्हा मीठ. ‘आता?’ मीठ नीट लागलं असं मी म्हणेपर्यंत हे चालायचं. मग बोटाच्या टोकावर लिंबाचं लोणचं. ते मी चाखलं आणि सांगितलं की आधी आंबट लागलं, मग खारट, आणि मागून कडू. ती एकदम खूश झाली. ‘मागनं कडू लागलं? म्हंजी साल मुरली न्हाई अजून.’ उठली, बरणीला दादरा बांधला आणि बरणी पुन्हा उन्हात नेऊन ठेवली. आजाऱ्याच्या जिभेवर विसंबून बरणी उन्हात गेली याचं मला त्या दिवशी इतकं अप्रूप वाटलं की पुढचे कित्येक दिवस मी घरातली प्रत्येक वस्तू चाटून तिला अहवाल देत होतो.

गावात नवीन कुणी आलं की माझ्याकडे बघून तिला विचारायचं, ‘ह्यो पोरगा तुझा कोण लागतो?’ आपल्या भाषेत नातंही लागतं, भूकही लागते, चवही लागते आणि देणंही लागतं. आक्का या प्रश्नाला सरळ उत्तर कधी द्यायची नाही. ‘लागतो कोणतरी,’ म्हणायची आणि कामाला लागायची.

तिच्याकडे चवीचे शब्द किती होते याची मोजदाद मी केली नाही आणि करण्यात अर्थही नाही. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात आणि दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात आंबूस, मचूळ, खवट, कडसर हे सगळं नोंदलेलं सापडतं. आक्काचं वेगळेपण शब्दांच्या संख्येत नव्हतं. तिचा प्रत्येक शब्द पुढचं काम सांगायचा. ताक आंबूस झालं म्हणजे प्यायचं. आंबट झालं म्हणजे पीठ लावून कढी करायची. आंबटढाण झालं म्हणजे तांब्याच्या हंड्याला चोळून हंडा लख्ख करायचा. म्हणजे ताक एकच, पण ते कुठल्या पायरीवर आहे ते जिभेने सांगितलं की हात आपोआप त्या कामाकडे वळायचे. आंबा पाडाला आला म्हणजे उतरवून अढी घालायची. चिंच गाभुळली म्हणजे आजच खायची, उद्या ती पिकून दुसरीच वस्तू होणार. वाल राठ लागले म्हणजे जुने आहेत, रात्रभर भिजवा आणि सरपण जास्त घ्या. भाजी कच्चट लागली तर झाकण टाकून एक वाफ, आणि सपक लागली तर मात्र मीठ वाढवायचं नाही, लसणाची फोडणी वरून द्यायची. अळणी आणि सपक यांतला हा फरक चांगल्या शिकल्यासवरलेल्या स्वयंपाक्यांना सांगता येत नाही. ते दोन्ही ठिकाणी मिठाकडे धावतात. ‘मीठ हाय, पर चव न्हाई, ते सपक. मीठच न्हाई, ते अळणी,’ एवढ्यात तिने निकाल लावला होता.

उन्हाळ्यात ती हिरडे वेचायला रानात जाई. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात हिरडा पुष्कळ. कोवळा वाळवला की त्याला बाळहिरडा म्हणतात आणि भोरच्या व्यापाऱ्याकडे त्याचे रोख पैसे मिळत. मी तिच्याबरोबर गेलो की आमची चैन असायची. करवंद हिरवं असलं तर चिकाने ओठ चिकटायचे, पिकलं की गोड आणि शेवटी किंचित तुरट. तोरणाची पांढरी फळं गोडसर, पिठूळ. याच झुडपांवरून तोरण्याला तोरणा म्हणतात असं गावात लहान मूलही सांगे. एकदा तिने मला हिरड्याचा तुकडा चघळायला दिला. तोंड आतून आवळून आलं, जीभ खरखरीत झाली आणि मी थुंकायला निघालो. ‘थुकू नगं. थांब जरा. आता पानी पी.’ झऱ्याचं पाणी प्यायलो तर ते गोड लागलं. आवळा खाल्ल्यावर लागतं तसं. ‘एवढ्याशा फळात समदं हाय,’ ती म्हणाली, ‘मीठ तेवढं न्हाई.’

हे वाक्य मी पुढे विसरून गेलो होतो. नोकरीत रुळल्यावर षड्‌रसांबद्दल वाचायला घेतलं तेव्हा समोर आलं की आयुर्वेदात हरीतकी, म्हणजे हिरडा, पंचरसयुक्त मानतात: मधुर, अम्ल, कटु, तिक्त, कषाय. लवण सोडून. आवळ्याचंही तसंच. आक्काने चरक वाचला नव्हता. कुणा वैदूकडून ऐकलं असेल, आईकडून आलं असेल. रानातल्या माणसाला आणि संहितेला एकच गोष्ट ठाऊक असण्यात नवल नाही, संहितेतली अर्धी माहिती रानातूनच तर आली असणार.

त्याच वाचनात एक गंमत कळली. संस्कृतातला ‘कटु’ म्हणजे आपलं तिखट, आणि ‘तिक्त’ म्हणजे आपलं कडू. मराठीने कटुचं कडू केलं आणि चव बदलून टाकली. काढ्याच्या बाटलीवर ‘कटु’ वाचून जो तोंड वाकडं करतो त्याला प्रत्यक्षात ठसका लागणार असतो. शिवाय ज्या काळात हे सहा रस ठरले त्या काळी मिरची इथे नव्हतीच. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, सुंठ. इतक्या उशिरा आलेली ही पाहुणी आज मावळातल्या एकाही चुलीवरून हलायला तयार नाही.

आक्का या तिखटांना एका दावणीला बांधत नसे. ‘मिरची जीभ जाळती, मव्हरी नाकात चढती, आलं घशात उतरतं.’ कारखान्याच्या तक्त्यावर या तिघींसाठी एकच रकाना होता. त्यात आकडा भरायचा, एक ते नऊ. लोणच्याच्या खारात मोहरी कमी पडली तर तिखटाचा आकडा खाली येई आणि वरून हुकूम सुटे की मिरची वाढवा. मी शेऱ्यात लिहीत असे, ‘तिखट पुरेसं आहे, नाकात जात नाही. मोहरी जुनी आहे किंवा फेसलेली नाही.’ सुरुवातीला हे वाचून हशा पिकला. पुढे पिकेनासा झाला. मिरचीतलं द्रव्य जिभेवरच्या ज्या ग्राहीला पकडतं तो चवीचा नाहीच, तो भाजल्याची जाणीव करून देणारा आहे, हे डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७मध्ये दाखवलं आणि २०२१मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. मोहरीचं द्रव्य उडून नाकात जातं आणि त्याचा ग्राही निराळा. तुरटही विज्ञानाच्या हिशेबात चव नाही. हिरड्यातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात आणि जिभेचा ओशटपणा जातो, म्हणून ती खरखर. शास्त्र म्हणतं मूळ चवी पाच: गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी ‘उमामी’, जी किकुनाए इकेडा यांनी १९०८मध्ये जपानी समुद्रशेवाळाच्या रश्श्यातून वेगळी काढली. म्हणजे आपल्या सहांतले तिखट आणि तुरट शास्त्राने बाहेर बसवले. बसवू देत. जेवणारा माणूस ग्राही मोजत नाही.

खुरासणीच्या चटणीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. खुरासणी म्हणजे कारळे. नाचणीसारखीच डोंगरउताराला येणारी, पिवळ्या फुलांची. आक्का लोखंडी तव्यावर ती भाजायला घ्यायची तेव्हा बोलायची नाही. काळे बारीक दाणे तव्यावर आधी गप्प पडून असतात आणि त्यांचा हिरवट, कच्चट वास येतो. मग एखादा तडकतो, मग चार, मग सगळे उड्या मारायला लागतात. इथे नवशिकी बाई तवा उतरवते. आक्का उतरवत नसे. जाळ मागे ओढून हाताने दाणे फिरवत राहायची, नाक पुढे करून. वास आधी खरपूस होतो, मग एका क्षणी खमंग, आणि त्या खमंगाच्या पाठीला पाठ लावून करपट उभा असतो. खमंग म्हणायला आणि तवा खाली यायला एकच गाठ पडायची. मग पाट्यावर लाल मिरची, लसूण, जाडं मीठ आणि वरवंट्याखाली खुरासणीला सुटणारं तेल. ही चटणी तांदळाच्या भाकरीबरोबर गोड, नाचणीच्या भाकरीबरोबर त्याहून गोड. जिभेवर किंचित कडसर रेंगाळते ती. तो कडसरपणा गेला तर समजावं की कुणीतरी शेंगदाण्याची भेसळ केली आहे. आमच्या कारखान्याने एकदा ही चटणी काढायचं ठरवलं आणि ग्राहकांना कडू लागेल या भीतीने तिच्यात साखर घातली. मी शेऱ्यात काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चटणी चालली नाही.

आक्काच्या शब्दांनी मला मोठा हात दिला तो शेंगदाण्याच्या एका प्रकरणात. चटणीची पाकिटं दुकानांतून परत यायला लागली. तक्रार एकच, ‘खराब लागते’. प्रयोगशाळेने तेलाची तपासणी केली, तेल ठीक. बाहेरून आलेल्या सल्लागारांनी चव घेतली आणि दाणे खवट आहेत, मुदत कमी करा, पाकीट बदला असा सल्ला दिला. मी चटणी तोंडात धरली आणि मला आक्का भोरच्या दुकानात दिसली. तिथे एकदा दुकानदाराने दाखवलेले दाणे तिने दाताखाली फोडले होते आणि म्हणाली होती, ‘खवट न्हाईत, उबट हाईत. भिजल्यालं पोतं सुकवून इकतोय गं बया ह्यो.’ खवट म्हणजे तेल बिघडलं. उबट म्हणजे दाणा ओल धरून आतल्या आत ऊब सुटली. कुबट आणखी निराळा, तो जागेचा वास, बंद खोलीचा. इंग्रजी तक्त्यात या तिघांनाही मिळून एक रकाना. मी लिहिलं: ‘उबट. गोदाम बघा.’ गोदामाच्या एका कोपऱ्यात पत्रा गळत होता आणि खालच्या थरातली पोती पावसात भिजून परत वाळली होती. उबट दाणा ही निव्वळ चवीची बाब नव्हे. ओल धरलेल्या शेंगदाण्यावर बुरशी येते आणि तिचं विष यकृताला घातक असतं. तो माल नष्ट केला. मला शाबासकीचं पत्र मिळालं. त्यावर नाव माझं होतं.

एकदा आमच्याकडे युगांडाचा एक विद्यार्थी काही दिवस काम बघायला आला. पुण्यात शिकायला आलेली आफ्रिकेतली मुलं पुष्कळ. हा कंपालाकडचा, घरी लुगांडा बोलणारा. मी माझ्या खोडीप्रमाणे त्याला चवीचे शब्द विचारले. जेवण छान झालं हे सांगायला ते ‘एम्मेरे एवोमा’ म्हणतात. ओकुवोमा हे क्रियापद. गोड लागणं आणि चवदार लागणं दोन्ही त्यातच. ओकुकावा म्हणजे कडू लागणं आणि आंबट लागणंसुद्धा. आमच्यातला एक तरुण सहकारी लगेच म्हणाला, म्हणजे यांच्याकडे शब्द कमी. मला ते पटलं नाही. आक्का पिठलं-भाकरीला ‘ग्वाड झालंय’ म्हणायची, झऱ्याच्या पाण्याला ग्वाड म्हणायची, बोंबलाच्या कालवणालासुद्धा ग्वाड म्हणायची. त्यात साखर कुठे होती? आणि चव ही वस्तूला चिकटवलेलं विशेषण नसून वस्तू जिभेवर जे करते ती क्रिया आहे, हे लुगांडात आहे तसंच आपल्या ‘लागतं’मध्येही आहे. त्या मुलाला मी खुरासणीची चटणी खिलवली. डोळ्यांत पाणी आणून तो ‘एवोमा’ म्हणाला. खरं म्हणाला की पाहुणचार म्हणून, ते त्याला ठाऊक.

आक्काच्या चवींना एक दुखरी बाजू होती. तिचं माहेर पानशेत धरणाखाली गेलं. ज्या धरणाच्या फुटण्याने १२ जुलै १९६१ला पुण्यात हाहाकार झाला, त्याच धरणासाठी वरच्या गावांतली माणसं उठली होती हे पुण्यातल्या पुराच्या आठवणींत क्वचितच येतं. तिचे भाऊ खाली दौंडच्या बाजूला गेले. ती त्यांच्याकडे एकदा राहून आली आणि ओटीवर पाय टेकताच म्हणाली, ‘समदं हाय तितं. जिमीन हाय, कालवा हाय. पानी मचूळ.’ तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. दौंडच्या ज्वारीला तिने नावं ठेवली नाहीत, भावजयीच्या हातालाही नाही. पाण्याचंच काढलं. ताक आंबट झालं तर कढी करता येते. मचूळ पाण्याला पुढचं काम नव्हतं, आणि तिच्या तोंडी असा शब्द मी तो एकच ऐकला. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आला तेव्हासुद्धा ‘मातकट लागतो’ असं म्हणून तिने त्यात नाचणीचं पीठ मिसळलं आणि ताकात मळून भाकरी थापली होती. मिलोला तोड होती.

आमची बदली झाली, मी पुण्यात शिकलो, नोकरीला लागलो. दिवाळीनंतर वेल्ह्याच्या एसटीतून कंडक्टरच्या ओळखीने आंबेमोहोराची पिशवी यायची. स्वारगेटवर जाऊन उतरवून घ्यायची. तो तांदूळ शिजायला लागला की वाड्यातल्या बायका खिडकीशी येऊन विचारत, आज काय बेत? आखूड दाणा, आंब्याच्या मोहोरासारखा वास, भात आसट. या वासामागचं द्रव्य बासमतीत सापडतं तेच आहे, पण बासमतीने कधी वाडा गोळा केलेला मी पाहिला नाही. आंबेमोहोराचं दुखणं म्हणजे उतारा कमी आणि पीक उंच, वाऱ्यापावसात आडवं होणारं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढला, १९८७मध्ये तो आला, आणि बघता बघता मावळची खाचरं त्याने व्यापली. आक्काच्या खाचरातही तो आला. पिशवीबरोबर निरोप आला होता, ‘औंदा इंद्रायणी हाय. भात मऊ व्हतो, वास निम्मा. पोट भरतं.’ शेतकऱ्याच्या हिशेबाने ती बरोबर होती आणि तिचा तक्रारीचा सूरही नव्हता. निम्मा म्हणजे निम्मा. मी आमच्या तक्त्यावर यापेक्षा नेमका शेरा पाहिलेला नाही.

माझं लग्न झाल्यावर ती एकदा पुण्याला आमच्याकडे आली. बायकोने गोडा मसाला, चिंच-गूळ घालून आमटी केली. आक्का दोन घास जेवली, थांबली. माझ्या पोटात गोळा. ‘मवाळ हाय,’ ती म्हणाली, ‘सपक न्हाई.’ बायकोला हे कौतुक की टोमणा ते कळेना. मी तिला सांगितलं, तुला पदवी मिळाली. निघताना मी तिच्या हातात पाकीट ठेवलं. त्यात पैसे होते. तिने ते उघडलंसुद्धा नाही. देवापुढे ठेवलं आणि म्हणाली, ‘तू आमचं खाल्लंस, म्या तुमचं खाल्लं. फिटलं.’ तिच्यापुरतं फिटलं असेल. मी त्यानंतरही तिच्याच शब्दांवर पगार घेत राहिलो.

आक्का गेली तेव्हा मी परदेशी मालाच्या एका तपासणीत अडकलो होतो, तेराव्याला पोचलो. मुलगा गिरणी बंद पडल्यावर गावी परतला होता. सुनेने जेवायला वाढलं. नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, वाल. वाल तोंडात घातले आणि नकळत बोलून गेलो, ‘राठ आहेत.’ बोलल्यावर लाज वाटली, तेराव्याच्या पानावर असं म्हणतात का? सुनेने मात्र मान डोलावली. ‘गेल्या सालचं हाईत. आत्याबाई असत्या तर आदीच म्हनाल्या असत्या.’ आणि आत जाऊन तिने पातेल्यात पाणी घालून वाल पुन्हा चुलीवर चढवले.

त्या गावात आता गॅस आहे, पाट्याऐवजी मिक्सर आहे, आणि त्यात वाईट काही नाही; आक्काला मिक्सर मिळाला असता तर तिने दोन्ही हातांनी घेतला असता. खुरासणी मात्र उताराला फारशी दिसत नाही. हिरडा वेचायला तरुण जात नाहीत. ज्या वस्तू शेतातून आणि रानातून जातात त्यांचे शब्द कोशात राहिले तरी तोंडात राहत नाहीत, कारण सांगायला पुढचं कामच उरत नाही. गाभुळलेली चिंच म्हणजे काय हे मी माझ्या नातवाला, ती त्याच्या हातात ठेवत नाही तोपर्यंत, सांगू शकत नाही. सुदैवाने आमच्या सोसायटीत एक झाड आहे.

दिवाळीच्या पुढेमागे नसरापूरवरून वेल्ह्याकडे जाताना, किंवा भोरवरून वरंधा घाटाच्या वाटेला, नवा तांदूळ विकायला बसलेल्या बायका भेटतात. राजगड-तोरणा करून उतरलेली मंडळी गाडी थांबवून ‘सेंद्रिय आहे का?’ विचारतात आणि पाच-दहा रुपयांवरून घासाघीस करतात. तुम्ही थांबलात तर एवढं करा. नवा की जुना, भात आसट होतो की मोकळा, ते विचारा. दोन दाणे दाताखाली फोडा आणि काय लागतं ते तिला सांगा. चुकलात तर ती दुरुस्त करेल, तो शब्द घरी जाऊन लिहून ठेवा. आणि भाव करू नका.